ताकदीची गोळी : समज, गैरसमज आणि शास्त्र

तापीकाठचे बऱ्हाणपूर आपल्यापैकी बहुतेकांना इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असते. मुमताजमहल १६३१ साली तेथेच वारली, एवढे तरी शाळेत कानावरून गेलेले असते. आजचे बऱ्हाणपूर मात्र यंत्रमागांचे आणि केळीचे गाव आहे. २००३ साली ते खंडव्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. पुण्यात जशा वारांच्या नावाच्या पेठा, तसे तेथे वारांच्या नावाचे मोहल्ले आहेत : इतवारा, बुधवारा, शनवारा. त्यांतल्या बुधवाऱ्यात माझे माहेर. घरात मराठी, ओट्यावर निमाडी-हिंदी आणि पलीकडच्या गल्लीत उर्दू, असा तो शेजार आहे.

मी रसायनशास्त्र शिकविते. त्यामुळे सुटीत माहेरी गेले की शेजारपाजारच्या बायका औषधाच्या बाटल्या, डबे आणि पाकिटे माझ्यापुढे आणून ठेवतात. "ताई, हे घेतलं तर चालेल का?" हा प्रश्न मला दर सुटीत ऐकावा लागतो. मी डॉक्टर नाही, हे सांगून संपत नाही. कारण त्यांना औषध नको असते, डब्यावर काय लिहिले आहे एवढेच समजून हवे असते. त्या बोलण्यांतून आणि डब्यांवरील मजकुरांतून जे हाती आले, त्याची शास्त्राशी सांगड घालण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. बुधवाऱ्याविषयी जे लिहिले आहे ते आपल्या सीमाभागातील गावांनाही लागू पडते, असे मला वाटते.

पूरक आहार म्हणजे काय?

रोजच्या जेवणातून जे पोषकद्रव्य पुरेसे मिळत नाही ते गोळी, भुकटी, पातळ औषध किंवा कॅप्सूल यांच्या रूपाने वेगळे घेणे, याला पूरक आहार म्हणतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, लोह, कॅल्शियम, प्रथिनांची भुकटी, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, वनस्पतींचे अर्क हे सारे त्यात येते.

लोकांच्या तोंडी मात्र हा शब्द नाही. बुधवाऱ्यात हिंदी बोलणारा 'ताकत की दवा' म्हणतो, मराठी माणूस 'शक्तीचे औषध' किंवा 'टॉनिक' म्हणतो, आणि युनानी हकिमाकडे जाणारा 'मुकव्वी' म्हणतो. शब्द तीन, कल्पना एकच : अंगात शक्ती नाही, ती बाहेरून भरावयाची. आणि ज्या दुखण्यावर हे औषध घ्यावयाचे त्याचेही नाव सर्वांच्या तोंडी एकच असते – 'कमजोरी'. चक्कर, पाय ओढणे, केस गळणे, झोप न येणे, दम लागणे, कामात मन न लागणे, ही सगळी लक्षणे कमजोरी या एका पोत्यात भरली जातात. घोटाळ्याचे मूळ येथे आहे. दम लागणाऱ्या बाईच्या रक्तात लोह कमी असेल, थकणाऱ्या पुरुषाला मधुमेह असेल, आणि पाय ओढणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला 'ब-१२' कमी पडत असेल. तिघांनाही एकाच डब्यातील भुकटी दिली तर तिघांचेही दुखणे तसेच राहते.

ही कल्पना परकी आहे असेही नाही. बाळंतिणीला डिंकाचे आणि अहळिवाचे लाडू आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. आपल्या कन्नड भगिनींकडे त्याच डिंकाची 'अंटिन उंडी' होते. आयुर्वेदात 'रसायन' ही स्वतंत्र शाखाच आहे. बऱ्हाणपुरात तर शासकीय आयुर्वेद महाविद्यालयही आहे आणि युनानी तिब्बिया महाविद्यालयही आहे. त्यामुळे काढा आणि खमिरा हे दोन्ही शब्द तेथील माणसाला घरचे वाटतात. शक्ती वाढविणारे काही खावे, ही इच्छा जुनी आहे. नवीन आहे तो त्याचा बाजार.

जीवनसत्त्वांचा शोध

अन्नात असे काहीतरी सूक्ष्म द्रव्य असते की ज्याच्या अभावी माणूस आजारी पडतो, हे माणसाला फार उशिरा कळले. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री-लिंबे मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. पुढे जावा बेटावर ख्रिस्तिआन आइकमान यांना असे दिसले की, पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंड्यासह तांदूळ दिला की तो बरा होतो. १९१२ साली कासिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना 'व्हिटॅमिन' हे नाव सुचविले. आपण त्याला जीवनसत्त्व म्हणतो.

या इतिहासातील एक पान आपल्या मुंबईचे आहे आणि ते विद्यार्थ्यांना माहीत असावे असे मला फार वाटते. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र पंडुरोग होत असे आणि त्यात कित्येकींचा जीव जाई. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, पण संख्येने कमी असत. विल्सबाईंनी या बायकांचे जेवण तपासले. ते निकृष्ट होते. मग प्राण्यांवर प्रयोग करता करता त्यांच्या असे ध्यानात आले की, यीस्टच्या अर्काने हा पंडुरोग बरा होतो. हा अर्क पावाला लावून खाण्याचा एक स्वस्त पदार्थ होता. १९३१ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्याला काही काळ 'विल्स घटक' असेच म्हणत. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि लॅटिनमधील पानाच्या शब्दावरून त्याला 'फोलिक आम्ल' हे नाव मिळाले. आज जगभर गरोदर स्त्रीला जी फोलिक आम्लाची गोळी देतात तिची वाट परळच्या गिरणीतील बाईच्या ताटापासून सुरू झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

या कथेतून दोन गोष्टी घ्यावयाच्या. एक, पूरक गोळी ही थोतांड नव्हे. योग्य जागी ती जीव वाचविते. दोन, विल्सबाईंनी आधी रक्त तपासले, मग जेवण तपासले आणि नंतर उपाय शोधला. आपण हा क्रम उलटा करतो.

लाल गोळी आणि महागडा डबा

आता बुधवाऱ्याकडे वळू. आमच्या शेजारच्या घरातील सून गेल्या उन्हाळ्यात सात महिन्यांची गरोदर होती. जिना चढताना तिला धाप लागे. नखे आणि डोळ्यांच्या पापण्यांच्या आतला भाग पांढरट दिसे. सासूने तिच्यासाठी साडेचारशे रुपयांचा भुकटीचा डबा आणला होता. नवरा मागावर बारा-बारा तास उभा राहणारा, तेव्हा साडेचारशे रुपये म्हणजे काय हे सांगावयास नको. त्याच फळीवर बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात आशाताईंनी दिलेल्या सरकारी लाल गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"या का घेत नाहीस गं?" मी विचारले.

उत्तर सासूबाईंनी दिले. "ताई, त्या गोळ्यांनी लेकरू काळं होतं. आणि संडासही काळी होते. म्हणजे गोळी काळीच ना? शिवाय फुकटच्या गोळीत काय असणार?"

तीन वाक्यांत तीन समज होते. ते एकेक करून पाहू.

काळेपणाचे कारण रसायनशास्त्रात आहे. गोळीतील सगळे लोह शरीरात शोषले जात नाही. उरलेल्या लोहाची आतड्यातील गंधकयुक्त द्रव्यांशी क्रिया होऊन काळा पदार्थ तयार होतो आणि तो शौचावाटे बाहेर पडतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बाळाचा वर्ण आईबापांकडून आलेल्या आनुवंशिक गुणांवर ठरतो. लोहाचा आणि त्याचा काही संबंध नाही.

फुकटच्या गोळीत काय असते? त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. गरोदरपणात रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस ती घ्यावयाची असते. हा कार्यक्रम आपल्या देशात १९७० पासून कोणत्या ना कोणत्या नावाने चालू आहे. २०१८ पासून तो 'ॲनिमिया मुक्त भारत' या नावाने चालतो. त्यात लहान मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी आणि गरोदर स्त्रियांना लाल गोळी असते. साडेचारशे रुपयांच्या डब्यावरील मजकूर मी वाचला. शिफारस केलेल्या दोन चमच्यांतले लोह या एका गोळीच्या पासंगालाही पुरत नव्हते, आणि घटकांच्या यादीत वरच्या जागी साखर होती.

'राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५' नुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना पंडुरोग होता. पुरुषांतही हे प्रमाण २५ टक्के होते. म्हणजे आपल्या वर्गातील बाकावर बसलेल्या दर दोन मुलींपैकी एकीचा हा प्रश्न असू शकतो. गोळी फुकट आहे, ती घरापर्यंत पोहोचते, आणि तरीही ती डब्यातून तोंडापर्यंत जात नाही. ज्ञानाचा अभाव कोठे नडतो ते येथे दिसते.

त्या सुनेला आशाताईंनी आरोग्य केंद्रात नेले. रक्तातील हिमोग्लोबिन ८.४ निघाले. तिला मळमळ होते म्हणून रात्री जेवणानंतर गोळी घ्यावयास सांगण्यात आले. गोळीनंतर चहा घ्यावयाचा नाही, कारण चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते. जेवणात लिंबू पिळावयाचे, कारण 'क' जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. आणि कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळी घ्यावयाची, कारण कॅल्शियम लोहाच्या वाटेत येते. एवढ्या तीन गोष्टी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हे आधी कोणी सांगितलं असतं तर!" त्यांचे म्हणणे खरे होते. गोळीबरोबर दोन वाक्ये पोहोचली नाहीत तर गोळी पोहोचून उपयोग नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. प्रत्येक पंडुरोग लोहाच्या कमतरतेने होतो असे नाही. आदिवासी भागात सिकलसेल हा आनुवंशिक विकार आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथेच सुरू झाली. थॅलेसेमियाच्या रुग्णाला तर जास्तीचे लोह घातक ठरू शकते. म्हणून रक्त तपासल्याशिवाय महिनोन्‌महिने लोह घेणे बरोबर नाही.

केळ काळे पडते म्हणून त्यात लोह?

बऱ्हाणपूर आणि शेजारचा रावेर-यावल भाग केळीचा. तेथे मला हमखास ऐकावयास मिळणारा समज असा : केळे किंवा सफरचंद कापून ठेवले की काळे पडते, म्हणजे त्यात लोह भरपूर आहे, ते गंजते. ऐकावयास हे पटते, पण ते चूक आहे. फळ कापल्यावर त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्यांचे एका विकरामुळे हवेत ऑक्सिडीकरण होते आणि तपकिरी रंग तयार होतो. त्या विकराच्या रेणूत लोह नसून तांबे असते. १०० ग्रॅम केळ्यात लोह अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. केळे उत्तम फळ आहे, त्यात ऊर्जा आहे, पोटॅशियम आहे. पण पंडुरोगावरचे ते औषध नव्हे. विद्यार्थ्यांनी हा समज आपापल्या घरी विचारून पाहावा.

ब-१२ : जेथे गोळीचे काम खरे आहे

शाकाहारी घरांत एक उणीव मुकाट्याने वावरते, ती 'ब-१२' जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत. सूक्ष्म जीवाणू करतात आणि ते आपल्याला मांस, मासे, अंडी व दूध यांतून मिळते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर मोलाचे काम केले आहे. पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची त्यांनी तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत 'ब-१२' कमी आढळले.

याच संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि मुले यांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी 'ब-१२' कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत अधिक दिसली. ही प्रवृत्ती पुढे मधुमेहाकडे नेणारी असते. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फोलिक आम्ल वाईट, असा याचा अर्थ नाही; १९९१ सालच्या मोठ्या चाचणीने ते गर्भाच्या मज्जारज्जूतील दोष टाळते हे सिद्ध झाले आहे. अर्थ एवढाच की, दोन जीवनसत्त्वे जोडीने काम करतात आणि एकालाच वाढवून भागत नाही.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही 'ब-१२' कमी होऊ शकते. घरात आजी-आजोबा ती घेत असतील आणि पायांना मुंग्या येत असल्याची तक्रार करीत असतील, तर 'वय झाले' म्हणून न सोडता डॉक्टरांना अवश्य विचारावे. तपासणीत कमतरता निघाली तर येथे गोळी किंवा इंजेक्शन खरोखर गुण देते.

'जीवनसत्त्वच ते, अपाय कसला?'

सर्वांत रुजलेला गैरसमज हाच. तो दूर करण्यासाठी एक साधे वर्गीकरण लक्षात ठेवावे. 'ब' गट आणि 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात. जास्त झालेला बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. 'अ', 'ड', 'ई' आणि 'के' ही स्निग्धात विरघळतात आणि शरीरात साठून राहू शकतात. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही पूर्ण निर्धोक नाहीत : 'ब-६' फार मोठ्या प्रमाणात दीर्घकाळ घेतल्यास मज्जातंतूंना इजा होते.

'ड' जीवनसत्त्वाचे उदाहरण रोजचे आहे. प्रौढांसाठी त्याची दैनिक शिफारस ६०० एकके आहे. दुकानात मिळणाऱ्या पुडीत किंवा कॅप्सूलमध्ये ६०,००० एकके असतात. ती सामान्यतः आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घ्यावयाची असते. काहीजण चांगले वाटते म्हणून ती रोज घेतात, म्हणजे शंभरपट! अशाने रक्तातील कॅल्शियम वाढते. मळमळ, बद्धकोष्ठता, गोंधळलेपणा आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा, असा तो प्रवास असतो.

'क' जीवनसत्त्वाची कीर्ती लायनस पॉलिंग यांनी वाढविली. दोन नोबेल पारितोषिके मिळविणाऱ्या या शास्त्रज्ञाने १९७० साली, मोठ्या मात्रेत 'क' घेतल्यास सर्दी टळते, असा पुरस्कार केला. नंतरच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार केला तेव्हा असे दिसले की, सर्वसामान्य लोकांत सर्दी टळत नाही. नियमित घेणाऱ्या प्रौढांत तिचा काळ सुमारे ८ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे आठ दिवसांच्या सर्दीत अर्ध्या दिवसाहून थोडे अधिक. थोर शास्त्रज्ञाचे नाव हा पुरावा नव्हे, हा धडा आपण सर्वांनीच घ्यावा.

याहून गंभीर उदाहरण बीटा-कॅरोटीनचे. हे गाजरातील पिवळे द्रव्य कर्करोग टाळील, या आशेने फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी घेण्यात आली. १९९४ साली निष्कर्ष आले : बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशीच दुसरी चाचणी १९९६ साली याच कारणाने मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. गाजर खाल्ल्याने असे होत नाही. बिडी ओढणारा जो माणूस 'धुराचा त्रास भरून निघेल' म्हणून बहुजीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो, त्याने हे वाचावे.

वनस्पतिजन्य म्हणजे निर्धोक?

आयुर्वेद आणि युनानी या शास्त्रांविषयी मला आदर आहे. वैद्य नाडी पाहून, प्रकृती विचारून, पथ्य सांगून औषध देतो. दुकानातून किंवा मोबाईलवरून मागविलेल्या डब्यात यातले काहीच नसते. नाव तेवढे जुन्या शास्त्राचे असते. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. करोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघर उकळला गेला. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद आपल्या जागी. सामान्य माणसाने त्यातून एवढे घ्यावे की, ज्याला गुण आहे त्याला अवगुणही असू शकतो, आणि काढा घेत असल्यास तो डॉक्टरांपासून लपवू नये.

तालमीतील भुकटी

आता मुलांच्या जिव्हाळ्याचा विषय. बुधवाऱ्यातील तालमीची जागा जिमने घेतली आणि दुधाची जागा भुकटीने. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलो वजनाच्या तरुणाला म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. हिशेब करू :

गव्हाच्या पिठाच्या पोळ्या (२०० ग्रॅम पीठ) – सुमारे २२ ग्रॅम
तुरीची डाळ (५० ग्रॅम कोरडी) – सुमारे ११ ग्रॅम
दूध (३०० मिलिलिटर) – सुमारे १० ग्रॅम
शेंगदाणे (३० ग्रॅम, म्हणजे मूठभर) – सुमारे ७ ग्रॅम

बेरीज ५० ग्रॅम. धान्यातील प्रथिनांत लायसिन कमी असते आणि डाळीतील प्रथिनांत मेथिओनिन कमी असते. दोन्ही एकत्र खाल्ली की उणीव भरून निघते. वरण-पोळी, ज्वारीची भाकरी आणि पिठले, हे आपल्या आजीचे गणित शास्त्राला धरूनच होते. व्यायाम अधिक करणाऱ्याची गरज अधिक असेल, तर त्याने डाळ, अंडी, फुटाणे वाढवावेत. स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असाच सल्ला राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत दिला आहे.

कायदा काय म्हणतो?

बहुतेकांना असे वाटते की, औषधाच्या दुकानात मिळते म्हणजे ते औषध. पूरक आहार कायद्याने अन्न समजले जातात. औषधांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागतो. पूरक आहारांना २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा आणि त्याखालचे २०१६ चे नियम लागतात. फरक महत्त्वाचा आहे. नव्या औषधाला बाजारात येण्यापूर्वी आपला गुण सिद्ध करावा लागतो. पूरक आहाराला रोग बरा करण्याचा दावाच करता येत नाही. म्हणूनच त्याच्या वेष्टनावर, हे औषधी वापरासाठी नाही, अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ती इतक्या बारीक अक्षरांत असते की बुधवाऱ्यात ती वाचलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्या या कायद्यात कोठेच नाही, हे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले आणि ऑनलाइन विक्रेत्यांना माल्टच्या व तत्सम पेयांना त्या नावाखाली विकू नये असे बजावले.

डबा हाती घेतल्यावर पुढील पाच गोष्टी पाहाव्यात :

१. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे काय?
२. घटकांच्या यादीत पहिले नाव कशाचे आहे? यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असते; साखर वर असेल तर आपण साखर विकत घेत आहोत.
३. एका मात्रेत पोषकद्रव्य किती आणि ते दैनिक गरजेच्या किती टक्के?
४. दिवसाला जास्तीत जास्त किती घ्यावयाचे?
५. उत्पादनाची आणि मुदतीची तारीख.

समारोप

पूरक आहार कोणी घ्यावा? गरोदर आणि स्तनदा मातेने लोह व फोलिक आम्ल घ्यावे. तपासणीत उणीव निघालेल्याने तेवढीच उणीव भरून काढावी. कट्टर शाकाहारी आणि वृद्ध यांनी 'ब-१२' विषयी डॉक्टरांना विचारावे. धडधाकट, चौरस जेवणाऱ्या माणसाने पैसे डाळ, दूध, पालेभाजी आणि फळे यांवर खर्च करावेत. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असते, आणि प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज आहे ८० मिलिग्रॅम.

ज्यांना चौरस जेवणच परवडत नाही त्यांच्यापुढे आपण 'आहार सुधारा' एवढेच म्हणून थांबू शकत नाही, याची मला जाणीव आहे. मागावर उभा राहणारा कामगार किंवा शेतात राबणारी बाई डब्यावर पैसे घालविते ते चैनीसाठी नव्हे. उद्या कामावर जाता यावे, खाडा होऊ नये, या भीतीपोटी ती ते घेते. त्या भीतीवरच हा बाजार उभा आहे. म्हणूनच खरी माहिती तिच्यापर्यंत नेणे हे सुशिक्षितांचे काम ठरते.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक आहे. दरवर्षी आपण रक्तदान शिबिर घेतो, ते घ्यावेच. त्याच्या जोडीला एक दिवस हिमोग्लोबिन तपासणीचाही ठेवावा, अशी माझी सूचना आहे. स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमपेक्षा कमी भरले तर तो पंडुरोग समजावा आणि त्या विद्यार्थ्याला आरोग्य केंद्रात पाठवावे. दत्तक खेड्यात जाताना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एक लहानसे पत्रक न्यावे. त्यावर तीनच वाक्ये असावीत : लाल गोळी जेवणानंतर घ्या, तिच्यावर चहा पिऊ नका, शौच काळे झाले तर घाबरू नका. हे पत्रक लिहिण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही, आणि ते छापण्यास एका डब्याएवढाही खर्च येणार नाही.